सांगवत नाहीं असें दुखणें

माघ महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. पत्र चार पानी होतें आणि त्यांतलीं पहिलीं तीन पानें एका घरगुती रुसव्याविषयीं होतीं. सासूबाईंचें वय चौसष्ट. घरांत दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडें व नव्वदीला टेकलेले आजेसासरे. गेल्या पावसाळ्यापासून सासूबाईंनीं हळूहळू सगळ्यांतून अंग काढून घेतलें. प्रथम कीर्तनास जाणें बंद झालें. मग देवपूजा त्यांनीं धाकट्या सुनेकडे सोंपविली. गौरींच्या नैवेद्याचा सोवळ्यांतला स्वयंपाक त्या घरांत आल्यापासून एकदांहि चुकला नव्हता, तो ‘आतां तुम्हींच करा’ म्हणून सोडून दिला. मार्गशीर्षांत सख्ख्या भाचीच्या लग्नास नागपुरास जावयाचें, तर तिकिटें काढून झाल्यावर त्यांनीं चक्क नकार दिला. कोणाच्या तरी बोलण्यानें त्या दुखावल्या आहेत असा प्रत्येकानें आपापल्या परीनें ग्रह करून घेतला. थोरली धाकटीकडे व धाकटी थोरलीकडे संशयानें पाहूं लागली. माहेरचे लोक रागावले तें निराळेंच.

खरा प्रकार चौथ्या पानावर होता. एके दिवशीं पहांटे साडेचारच्या सुमारास पत्रलेखिकेस जाग आली, तों सासूबाई न्हाणीघरांत दिवा न लावतां आपलें पातळ धूत बसलेल्या. विचारतां विचारतां त्यांना रडूं कोसळलें. शौच आवरत नाहीं. वेग आला कीं संडासापर्यंत पोहोंचेतों धीर निघत नाहीं. कधींकधीं तर कळतहि नाहीं, वस्त्र पाहिल्यावर समजतें. आठ महिने हें चाललें होतें आणि भरल्या घरांत एकालाहि पत्ता नव्हता. ‘अशा देहानें देवाला कशी शिवूं?’ असें त्या म्हणाल्या. सूनबाईंचे प्रश्न तीनच होते : हें वयाचेंच आहे ना? यावर कांहीं उपाय असतो का? आणि दाखवावयाचें तरी कोणाला?

या सदरांत आजवर आम्लपित्त झालें, मुलांचा खोकला झाला, चाळिशीचा चष्मासुद्धां झाला. परंतु या विषयावर मीं एक अक्षर लिहिलें नाहीं. रोगी सांगत नाहींत म्हणून वैद्य विचारीत नाहीं, आणि वैद्य विचारीत नाहीं म्हणून रोगी सांगत नाहीं, अशी ही गांठ आहे. दुखणें मात्र विरळा नव्हे. अमेरिकेंत २००५-०६ सालीं झालेल्या एका मोठ्या आरोग्य पाहणींत, आपापल्या घरीं राहणाऱ्या प्रौढ माणसांपैकीं शेंकडा सुमारें आठजणांस मागील महिन्यांत निदान एकदां तरी असा अनुभव आला होता. विशीतल्यांत हें प्रमाण शेंकडा तीनाच्या आंत होतें, तर सत्तरीपुढें शेंकडा पंधरापर्यंत गेलें होतें. पुरुष व स्त्रिया यांत फारसा फरक नव्हता. म्हणजे आपल्या पंगतींत बसलेल्या वडील मंडळींपैकीं एखाददुसऱ्यास हें दुखणें असूं शकतें व आपल्याला त्याची वार्ताहि नसते.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतों. वय हें या दुखण्याला साहाय्य करतें, परंतु नुसतें वय हें कारण नव्हे. म्हातारपणाच्या नांवावर खातें बंद करण्यापूर्वीं कारण शोधावयास हवें, आणि बहुधा एक सोडून दोन-तीन कारणें सांपडतात.

त्यासाठीं देहाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. सुश्रुतानें गुदाच्या तीन वळी सांगितल्या आहेत, प्रवाहिणी, विसर्जनी आणि संवरणी. पैकीं संवरणी म्हणजे मिटून घेणारी. आजचें शारीरशास्त्र हेंच काम दोन वर्तुळाकार स्नायूंकडे देतें. आंतला स्नायु आपल्या इच्छेवर चालत नाहीं; तो झोंपेंतहि दार लावून बसलेला असतो. बाहेरचा स्नायु आपल्या ताब्यांत असतो. वेग आला आणि जागा योग्य नसली कीं आपण आवळून धरतों तो हा. यांखेरीज एक तिसरा स्नायु मलाशयाला पाठीमागून फांसासारखा वेढा घालून पुढें ओढून धरतो व त्यामुळें मार्गाला एक बांक पडतो. या साऱ्यांवर मज्जातंतूंची देखरेख असते. आंत आलें आहे तें वायु आहे, द्रव आहे कीं घन आहे, हें ओळखण्याचें काम तेथील त्वचा इतक्या बिनचूकपणें करते कीं आपल्याला त्याचें कधीं नवल वाटत नाहीं. शिवाय मलाशय ताणला जाऊन कांहीं वेळ सांठवण करूं शकला पाहिजे, आणि मल फार पातळ नसला पाहिजे. यांपैकीं एक गोष्ट बिघडली तर बाकीच्या सांभाळून घेतात; दोन बिघडल्या कीं सांभाळणें कठीण होतें.

स्त्रियांत सर्वांत महत्त्वाचें कारण म्हणजे बाळंतपणांत झालेली इजा. मूल मोठें असलें, चिमटा लावून काढावें लागलें, किंवा प्रसूति फार वेळ अडली, तर फाटलेली जागा कधींकधीं या वर्तुळाकार स्नायूंपर्यंत जाते. डॉक्टर अशा फाटण्याच्या चार पायऱ्या मानतात. तिसऱ्या व चौथ्या पायरींत स्नायु सांपडलेला असतो. तो तेव्हांच नीट शिवला गेला तर उत्तम. परंतु वरची कातडी जुळून आली आणि आंतला स्नायु तसाच राहिला, असें पुष्कळदां होतें. तरुणपणीं बाकीचे स्नायु भार उचलतात व कांहीं जाणवत नाहीं. ऋतुसमाप्तीनंतर स्नायु सैल पडूं लागले म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वींची उधारी वसूल होते. म्हणूनच, घरांतल्या बाळंतिणीला प्रसूतीनंतर वायु आवरत नाहीं, वस्त्राला डाग लागतो, अशी तक्रार असेल, तर ‘होतें तसें, सव्वा महिन्यानें बरें वाटेल’ म्हणून तिला गप्प बसवूं नये. सहसा ती आपण होऊन सांगणारहि नाहीं. मायेच्या कोणी तरी विचारलें पाहिजे.

दुसरें कारण शस्त्रक्रियेचें. भगंदर, मूळव्याध, गुदचीर यांवरील शस्त्रक्रिया जाणत्या हातीं सुरक्षित असतात; तरी त्या याच स्नायूच्या अगदीं शेजारीं कराव्या लागतात. रस्त्यावरच्या पाटीवर ‘एका इंजेक्शनांत मूळव्याध समूळ नष्ट’ असें वाचून जे लोक चोरून जाऊन येतात, त्यांची मला फार धास्ती वाटते. लाजेपायीं शिकलेला वैद्य टाळावयाचा आणि न शिकलेल्याच्या हातीं हा नाजूक अवयव द्यावयाचा, असा व्यवहार सुशिक्षित घरांतूनहि मीं पाहिला आहे.

मधुमेह वर्षानुवर्षें राहिला तर मज्जातंतु दुबळे होतात. अर्धांगवायु, मणक्याचे विकार, कंपवात, स्मृतिभ्रंश यांतहि ताबा सुटतो. गुद बाहेर येण्याचा विकार, जननेंद्रियांच्या किंवा मलाशयाच्या कर्करोगावर दिलेले किरणोपचार, मोठ्या आंतड्याची दीर्घकालीन सूज, हीं आणखी कारणें. आणि जुलाब, मग तो कोणत्याहि कारणाचा असो, दुबळ्या स्नायूची परीक्षा पाहतोच. येथें औषधांकडे लक्ष द्यावें. मधुमेहावरील मेटफॉर्मिन, मॅग्नेशियम असलेलीं आम्लपित्ताचीं औषधें, रोजचें रेचक चूर्ण, आणि साखरेऐवजीं सॉर्बिटॉल घातलेल्या ‘मधुमेह्यांच्या’ मिठाया, यांनीं कित्येकांस शौच पातळ होतें. दूध न पचणाऱ्यांना रात्रींचा दुधाचा पेला हेंच कारण असतें.

आतां एक प्रकार विस्तारानें सांगतों, कारण तो घरोघर चुकीचा समजला जातो. माझ्या परिचयाच्या एका घरांत पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा खुबा मोडल्यामुळें अंथरुणास खिळलेले होते. त्यांना ‘हगवण’ लागली. दिवसांतून सात-आठ वेळां थोडें थोडें पातळ जाई, अंथरूण खराब होई. घरच्यांनीं शौच बांधणारें औषध सुरू केलें, जेवण पेजेवर आणलें. हगवण वाढतच गेली व आजोबांनीं अन्न टाकलें. मुलगा मला म्हणाला, ‘आतां थोड्याच दिवसांचे सोबती आहेत.’ मीं हातमोजा घालून बोटानें तपासलें, तों मलाशयांत घट्ट मळाचा गोळा बसलेला! वरून येणारें पातळ पाणी त्याच्या कडेनें पाझरत होतें आणि घरचे त्यालाच जुलाब समजत होते. खरा रोग बद्धकोष्ठाचा, तोहि दुखण्यावर दिलेल्या अफूवर्गाच्या गोळ्यांमुळें बळावलेला. आणि उपचार चालला होता उलट दिशेनें. बस्ति देऊन, थोडें हातानें मोकळें करून, तीन दिवसांनीं गृहस्थ उठून बसले व त्यांनीं आमटीभात मागितला. अंथरुणांतल्या वृद्धास एकाएकीं थोडें थोडें पातळ होऊं लागलें तर बांधणारें औषध देण्यापूर्वीं ही तपासणी झालीच पाहिजे.

मुलांतहि हेंच घडतें. चार वर्षांवरचें मूल, एरवीं शहाणें, चड्डींत डाग करतें. आई रागावते, शेजारीं नाक मुरडतात. अशा मुलांपैकीं बहुतेकांना जुनें बद्धकोष्ठ असतें. एकदां दुखलें म्हणून मूल वेग दाबून ठेवूं लागतें, मळ सांठतो, मलाशय ताणून ताणून बधिर होतो, आणि कडेनें पाझर सुरू होतो. मुलाला तो खरोखरच कळत नाहीं. त्यास मारणें म्हणजे ज्वर आला म्हणून मारण्यासारखें आहे. त्याला डॉक्टरांच्या सल्ल्यानें कित्येक महिने शौच मऊ ठेवणारें औषध द्यावें लागतें, आणि जेवणानंतर रोज दहा मिनिटें पाय टेंकवून निवांत बसवावें लागतें.

केव्हां दाखवावें? माझें मत असें कीं, पोट बिघडल्यामुळें एखादे दिवशीं फजिती झाली तर सोडून द्यावी. परंतु पुन्हां पुन्हां होऊं लागलें, किंवा एकदांच होऊन माणूस बाहेर पडावयास भिऊं लागला, कीं महिना उलटूं देऊं नये. शौचावाटे रक्त पडत असेल, शौच डांबरासारखें काळें होत असेल, शौचाची नेहमींची रीत कांहीं आठवडे बदललेली असेल, वजन घटत असेल, अंगांत रक्त कमी झालें असेल, तर मोठ्या आंतड्याची तपासणी लांबवूं नये. ‘मूळव्याधीचें रक्त असेल’ या समजुतीखालीं कर्करोग वाढल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. ताप व रक्तमिश्रित जुलाब असतील तर त्याच दिवशीं जावें.

आणि एक प्रसंग असा आहे कीं ज्यांत तासांचा हिशेब आहे. पडल्यानंतर किंवा कमरेची उसण भरल्यानंतर एकाएकीं शौचावरचा ताबा गेला, लघवी तुंबली अथवा नकळत होऊं लागली, पायांतलें बळ गेलें, आणि खोगिरावर बसतांना जेवढा भाग टेंकतो तेवढा बधिर वाटूं लागला, तर मणक्यांतून खालीं उतरणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आला असण्याचा संभव असतो. त्या वेळीं शेक, लेप, मालीश यांत रात्र घालवूं नये. मोठ्या रुग्णालयांत तातडीनें जावें. दाब वेळेवर दूर झाला नाहीं तर गेलेला ताबा परत येत नाहीं. तोंड वांकडें होणें किंवा एक हात-पाय लुळा पडणें यांबरोबर ताबा सुटला तरी तीच घाई.

सूनबाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर : प्रथम घरच्याच डॉक्टरांना. निम्मीं कारणें त्यांच्याच खोलींत उलगडतात. पुढें जरूर पडल्यास पोटाच्या विकारांचे किंवा मलाशयाचे तज्ज्ञ. तपासणीला लोक भितात त्यापेक्षां ती पुष्कळ सौम्य असते. प्रश्न, बोटानें केलेली परीक्षा, लागल्यास स्नायूंचा दाब मोजण्याची नळी, स्नायूची अखंडता पाहणारी सोनोग्राफी, आणि दुर्बिणीनें आंतड्याचें दर्शन. आईला किंवा सासूबाईंना स्त्रीडॉक्टर हवी असेल तर तसें स्पष्ट मागावें. त्यांत कांहीं वावगें नाहीं. जाण्यापूर्वीं दोन आठवडे वहींत टिपण ठेवावें. केव्हां झालें, पातळ कीं घट्ट, वेग जाणवला कीं नाहीं, आधीं काय खाल्लें, कोणतीं औषधें चालू आहेत. बोलतांना जीभ अडखळली तर वही पुढें करावी.

उपायांविषयीं निराश होण्याचें कारण नाहीं. पातळ शौचाला बांधा आणणें ही पहिली पायरी. इसबगोलाचा भुसा हा बद्धकोष्ठांतहि चालतो व पातळ शौचांतहि, कारण तो पाणी शोषून मळाला आकार देतो. मात्र कोरडा गिळूं नये, पाण्यांतून घ्यावा, आणि मळाचा गोळा अडकलेला असल्यास आधीं तो निघाला पाहिजे. लोपेरमाइड नांवाचें औषध आंतड्याची गति मंद करतें व गुदाचा स्नायु किंचित् आवळतें. तें डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावें. चहा, कॉफी, फार तिखट, दूध, यांपैकीं आपणांस काय बाधतें तें वहींतून कळतें. जेवणानंतर आंतड्याला आपोआप चालना मिळते. तो नियम ओळखून सकाळच्या चहा-न्याहारीनंतर रोज ठरलेल्या वेळीं बसण्याची सवय ठेवावी, म्हणजे दिवसाचा बराच धोका टळतो. चरकसंहितेंत वेग दाबूं नयेत हें सांगण्यास एक स्वतंत्र अध्यायच आहे. आमच्या घरांतल्या स्त्रिया कामाच्या रगाड्यांत हाच नियम आयुष्यभर मोडतात.

दुसरी पायरी व्यायामाची. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनीं बाळंतपणानंतरच्या अशक्त स्नायूंसाठीं सांगितलेला व्यायाम १९४८ सालीं प्रसिद्ध केला. आपल्याकडील अश्विनी मुद्रा व मूलबंध ज्यांना ठाऊक आहेत त्यांना तो नवा वाटणार नाहीं. वायु रोखावयाचा आहे अशा रीतीनें गुद आंत व वर ओढावें, पांच आंकडे मोजेपर्यंत धरावें, दहा मोजेपर्यंत सैल सोडावें. असें दहा वेळां, दिवसांतून तीनदां. पोट, मांड्या, श्वास यांना ताण देऊं नये. गुण यावयास दोन-तीन महिने लागतात, आणि पहिल्या पंधरवड्यांत कंटाळून सोडणारेच फार. तज्ज्ञांकडे यंत्राच्या साहाय्यानें हा व्यायाम बिनचूक करावयास शिकवितात.

यानेंहि भागलें नाहीं तर फाटलेला स्नायु शस्त्रक्रियेनें जोडतां येतो. त्रिकास्थीजवळच्या मज्जातंतूंना सूक्ष्म विद्युत्प्रवाह देणारें लहानसें यंत्र कातडीखालीं बसविण्याचा प्रयोग जर्मनींत होऊन १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. तो आतां मान्य उपचार आहे, पण खर्चिक आहे.

घरांतल्या माणसांनीं करावयाच्या गोष्टी साध्याच आहेत. संडासाच्या वाटेवर रात्रीं दिवा असावा, वाटेंत पाट-बादल्या नसाव्या, भिंतीला धरावयास दांडा असावा, वस्त्र चटकन् सुटेल असें असावें. नंतर कोमट पाण्यानें धुवून, न घांसतां टिपून, झिंक ऑक्साइडचें मलम लावावें. सुगंधी साबण व अत्तरी पावडर नकोत. औषधांच्या दुकानांत मिळणारे शोषक पॅड मुलानें निमूटपणें आणून आईच्या कपाटांत ठेवावे, त्याची चर्चा करूं नये. देवाला शिवावें कीं नाहीं याचा निर्णय देणें माझें काम नव्हे. मात्र आतुरास सवलत देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि स्नान करून, पॅड घालून बसलेल्या स्त्रीला पूजेंतून उठविणारा शास्त्री मला तरी अद्याप भेटलेला नाहीं.

सूनबाईंना हें सारें मीं तेव्हांच खासगी पत्रांतून कळविलें होतें. ज्येष्ठांत त्यांचें दुसरें पत्र आलें. तें छापण्यास नको, पण त्यांतील मजकूर सांगण्यास त्यांनीं परवानगी दिली आहे. तपासणींत दोन कारणें निघालीं. पहिल्या बाळंतपणांत, त्रेचाळीस वर्षांपूर्वीं, चिमटा लागला होता. तेव्हांपासून स्नायु एका बाजूनें तुटलेला होता व कोणास माहीत नव्हतें. आणि गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची मेटफॉर्मिनची मात्रा दुप्पट केली गेली होती, तेव्हांपासून शौच पातळ झालें होतें. डॉक्टरांनीं तेंच औषध हळूहळू विरघळणाऱ्या गोळीच्या रूपांत दिलें, मात्रा बदलली, इसबगोल व व्यायाम सांगितला. शस्त्रक्रियेचा विचार तूर्त ठेवला आहे. जें जवळजवळ रोज होत असे तें आतां पंधरा दिवसांतून एखादे वेळीं होतें. पूर्ण थांबलेलें नाहीं. चैत्रगौरीची आरास सासूबाईंनींच मांडली, आणि दोन्ही सुनांचें आपसांतलें बोलणें पूर्ववत् झालें आहे, असेंहि लिहिलें आहे.

त्या पत्राच्या तळाशीं निराळ्या वळणाच्या अक्षरांत दोन ओळी आहेत. श्रावणांत भाचीचें डोहाळजेवण आहे; नागपूरचा प्रवास रात्रभराचा; जाऊं का, असें खुद्द सासूबाई विचारतात. अवश्य जावें. आगगाडीनें जावें, संडासाजवळच्या टोकाची खालची जागा घ्यावी. उपाशी राहूं नये. संध्याकाळीं लवकर दहींभात खावा, चहा टाळावा. लोपेरमाइड आपणांस चालेल का व किती, हें आपल्या डॉक्टरांना आठवडाभर आधीं विचारून ठेवावें. पॅड, मलम, एक पातळ व दोन पिशव्या एका वेगळ्या झोळींत घेऊन ती झोळी सामानांत न टाकतां उशाशीं ठेवावी; आणि सूनबाईंपैकीं एकीला बरोबर न्यावें.